जर्मन नंबराची गाडी, झुरिकचं गिऱ्हाईक: विकायची कशी?

पोटभाडेकरू:

मंडळी, नमस्कार. चार वर्षं श्टुटगार्टला होतो, दहा महिन्यांपूर्वी नोकरी बदलून स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला आलो. इथे आल्यापासून गाडी महिन्यातून दोनदा निघते, पार्किंगचं भाडं मात्र न चुकता जातं. म्हणून विकायची आहे. २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, पेट्रोल, ९८ हजार किलोमीटर. नंबर अजून जर्मनच आहे.

गिऱ्हाइकं दोन. एक ऑफिसातला मित्र, आपल्या सांगलीचाच, झुरिकला राहतो. तो ९,००० फ्रँक म्हणतोय. दुसरा झिंगेनचा, म्हणजे सीमेपलीकडे जर्मनीत, ८,७०० युरो. मित्राला द्यायचं मनात आहे, घरचा माणूस. त्याने गाडी चालवूनही बघितली, शनिवार-रविवार लाउटरब्रुनेनला बायकोमुलांना घेऊन गेला होता. खूश आहे.

प्रश्न एवढाच, की जर्मन नंबराची गाडी इथे विकताना नेमकं काय करायचं? करारावर सह्या, किल्ली हातात, संपलं?

सहा_आसनी:

पुण्याहून सोलापूरला गाडी बदली करताना आमचे बूट झिजले, आणि तुम्ही देश बदलून 'किल्ली हातात, संपलं' म्हणताय. धन्य. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऱ्हाइनकाठची:

पोटभाडेकरू, घाईने लिहितेय, सविस्तर रात्री. तोवर चार प्रश्नांची उत्तरं द्या.
इकडे राहायला आलात तेव्हा गाडीसाठी कस्टमचा अठरा-चव्वेचाळीसचा फॉर्म भरला होता का? गाडीचा ब्रीफ, म्हणजे मालकीचा जर्मन कागद, कुणाकडे आहे, तुमच्याकडे की बँकेकडे? सीओसी आहे का? जर्मन विमा कंपनीला नवा पत्ता कळवलाय का?
आणि कृपा करून मित्राला आता किल्ली देऊ नका. लाउटरब्रुनेनचं वाचून माझा चहा थंड झाला.

पोटभाडेकरू:

ताई, घाबरवू नका हो.
घरसामानाचा फॉर्म सामान हलवणाऱ्यांनी भरला. त्यांचा ट्रक शुक्रवारी गेला. गाडी मी रविवारी संध्याकाळी थायिंगेनच्या सीमेवरून आणली, मागच्या सीटवर तुळशीची कुंडी, मिक्सर आणि देव. चौकीवर कुणी हात केला नाही, आम्हीही थांबलो नाही.
ब्रीफ माझ्याकडे आहे, कर्ज फिटलंय. सीओसी म्हणजे काय? विमा कंपनीला कळवायचं राहिलंय.

चाकमोडे:

देव मागच्या सीटवर आणि जकात वाऱ्यावर. 😀

ऱ्हाइनकाठची:

बसले आता. मी बाझलला मालवाहतुकीच्या कंपनीत कस्टमची कागदपत्रं करते, त्यामुळे हे रोजचंच आहे. तरी शेवटचा शब्द कस्टमच्या ऑफिसचा, माझा नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नंबरप्लेट वेगळी आणि जकातीतली अवस्था वेगळी. आपण प्लेट बघून म्हणतो, 'जर्मन गाडी.' कस्टमवाला विचारतो, ही गाडी या देशात रीतसर आली आहे का? तुमची आलेलीच नाही. ती विंटरथूरच्या तळघरात उभी आहे, पण स्विस सरकारच्या लेखी ती बिनजकातीची, म्हणजे जकातीत न नोंदलेली आहे.

राहायला येताना स्वतःची वापरती गाडी आणता येते, तिच्यावर काही भरावं लागत नाही. अटी दोन. येण्याआधी किमान सहा महिने ती तुम्ही वापरलेली हवी, आणि आल्यावरही तुम्हीच वापरत राहायची. त्यासाठीच तो १८.४४ चा फॉर्म. कस्टम तो बघतं आणि गाडीसाठी १३.२० ए नावाचा कागद देतं. तो घेऊन वाहतूक खात्यात जायचं, तपासणी करायची, मग स्विस प्लेट. यासाठी एक वर्ष असतं. बरेच जण 'वर्षभर जर्मन प्लेट चालते' एवढंच ऐकतात. ती मुदत प्लेट बदलायची आहे, जकातीचं काम पहिल्याच दिवशी करायचं असतं.

आता तुमच्या मित्राबद्दल. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाने बिनजकातीची परदेशी गाडी इथल्या रस्त्यावर चालवणं हाच गुन्हा आहे. विकत घेतली नसली तरी, शनिवार-रविवारपुरती असली तरी. सुट्टीच्या दिवशी जर्मन प्लेटची गाडी कुणी अडवली आणि चालवणाऱ्याच्या खिशातून झुरिकचं राहण्याचं परमिट निघालं, तर पुढचं संभाषण फार गोड होत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही लागू आहे, आणि तिथे तर आपले लोक हमखास अडकतात. स्विस प्लेटची गाडी घेऊन तुम्ही जर्मनीत कॉन्स्टान्झला गेलात आणि तिथल्या भावाला म्हणालात, 'घे, एक चक्कर मार.' तुम्ही शेजारी बसला असाल तर ठीक. तुम्ही स्वित्झर्लंडला परतलात आणि गाडी भावाकडे राहिली, तर पूर्ण गाडीवर दहा टक्के जकात आणि १९ टक्के कर मागू शकतात. भावाकडे, तुमच्याकडे नाही.

सहा_आसनी:

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पोटभाडेकरू:

मित्राला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर: 'बायकोला दाखवू नकोस.'
ताई, समजा मित्रालाच द्यायची, सगळं सरळ करून. किती पडेल?

ऱ्हाइनकाठची:

९,००० किंमत धरा. मोटारकर चार टक्के, म्हणजे ३६०. मग ९,३६० वर मूल्यवर्धित कर ८.१ टक्के, म्हणजे साधारण ७५८. झाले १,११८ फ्रँक. जकात अशी वेगळी नाही, औद्योगिक मालावरची जकात स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून उठवली. आधी वजनावर असायची, गाडी जितकी जाड तितके पैसे.

हे सरकारचं झालं. मग तपासणी, म्हणजे एमएफके. तिथे सीओसी लागेल. गाडी युरोपच्या नियमांत बसते असं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र आहे ते, नवी गाडी घेताना फाइलमध्ये मिळतं. हरवलं असेल तर कंपनीकडून पैसे भरून नवं काढता येतं. टायर, काचेवरचा तडा, गंजलेल्या ब्रेकच्या चकत्या, सगळं तिथे निघतं. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीच्या चकत्या गंजलेल्याच असतात.

आणि 'आत्ता १८.४४ भरतो, पुढच्या महिन्यात मित्राला विकतो' हे डोक्यात आलं असेल तर काढून टाका. फॉर्मवर तुम्ही सही करता की मी वापरत राहणार आहे.

मूळगाव_चिपळूण:

ताईंच्या पोस्टला +१. मी जर्मनीत फ्रायबुर्गला असतो, माझा अनुभव उलट बाजूचा आहे, पण उपयोगी पडेल.

माझ्याकडे दोन गाड्या होत्या. एक जर्मनीत घेतलेली, पुढे बाझलला नेऊन स्विस नंबर घेतला. दुसरी बाझललाच घेतली, बायकोची. २०२२ ला परत जर्मनीत आलो. पहिली गाडी युरोपीय संघातून बाहेर जाऊन तीन वर्षांच्या आत, त्याच माणसाकडे, तशीच्या तशी परत येत होती. याला जर्मन कस्टममध्ये 'रुक्वारं' म्हणतात, परतलेला माल. जकात शून्य, कर शून्य. माझे दोन वर्षं आठ महिने झाले होते, म्हणजे थोडक्यात वाचलो. कामाला काय आलं असेल तर जुना जर्मन खरेदीचा करार आणि ब्रीफची झेरॉक्स. मूळ ब्रीफ स्विस नंबर घेताना जमा झाला होता, झेरॉक्स मी उगाच काढून ठेवली होती. आमचे अण्णा महाडच्या कोर्टात कारकून होते, ते म्हणायचे, कागद देताना त्याची सावली ठेवून घ्यावी.

दुसरी गाडी घरसामान म्हणून आणली, तीही फुकट आली. पण युरोपीय संघात अशा गाडीवर बारा महिन्यांची अट असते. विकायची नाही, भाड्याने नाही, उसनीसुद्धा नाही. आम्हाला सातव्या महिन्यात मोठी गाडी घ्यावी लागली, जुळी झाली म्हणून. जुनी विकायला काढली आणि आधी कस्टमला विचारायचं सुचलं हे नशीब. गाडीची किंमत ८,००० युरो धरली. दहा टक्के जकात ८००, मग ८,८०० वर १९ टक्के, १,६७२. एकूण २,४७२. जुळ्यांना सांगितलंय, मोठे झालात की पाच महिन्यांचा हिशोब द्यायचाय.

गाडी उरलेले महिने कोपऱ्यात उभी ठेवली, मग विकली.

चाकमोडे:

जुळी पण परतलेला माल म्हणून दाखवायची होती.

तिखटमीठ:

मध्येच बावळट प्रश्न. गाडी इतकी चांगली आहे तर भारतात नाही का नेता येणार? माझा दीर सारखा म्हणतो, 'जर्मनीहून येताना गाडीच घेऊन ये.'

मूळगाव_चिपळूण:

दिराला सांगा, स्टिअरिंग उजवीकडे असेल तरच ये म्हणालेत. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताची हवी, दिवे डावीकडून चालणाऱ्या रहदारीचे हवेत, आणि उतरणार ती मुंबई बंदरातच. वर जकात गाडीच्या किमतीहून जास्त. २०१७ ची डाव्या हाताची ऑक्टाव्हिया पहिल्याच दोन अटींत बाद. त्यात आपल्याकडे ऑक्टाव्हिया संभाजीनगरच्या कारखान्यात जुळवायचे. युरोपातून वाहून नेण्याची गंमतच निघून जाते.

सहा_आसनी:

आता माझं सोलापूरचं रडगाणं मागे घेतो. आपल्याकडे फॉर्म २९, फॉर्म ३०, परराज्यात असेल तर २८ ची एनओसी, एवढ्यात होतं. एजंट असला की तेवढंही नाही. इथे एजंट नसतात का हो?

ऱ्हाइनकाठची:

असतात, सीमेवर त्यांची ऑफिसं असतात. तुमच्या नावाने निर्यात आणि आयात दोन्ही करून देतात. शिकायचा उत्साह नसेल तर सरळ त्यांच्याकडे जावं, त्यात कमीपणा नाही.

चिपळूणकरांच्या दुसऱ्या गाडीबद्दल एक पुरवणी. ती दहा टक्के जकात काही वेळा वाचते. गाडी मुळात युरोपीय संघात बनलेली असेल आणि तसा मूळ देशाचा पुरावा असेल तर जकात लागत नाही, १९ टक्के कर तेवढा लागतो. ६,००० युरोपर्यंत बिलावर ठरावीक मजकूर लिहून सही चालते. त्याच्या वर ईयूआर-वन नावाचं प्रमाणपत्र. लोक चासी नंबर दाखवतात, 'हे बघा टीएमबी, म्हणजे चेक, म्हणजे स्कोडा.' त्याने कस्टमवाला हसतो फक्त. कंपनीचं पत्र किंवा मूळ बिल लागतं.

चाकमोडे:

अवांतर: स्विस प्लेट गाडीची नसते, माणसाची असते, हे खरं का? गाडी विकली की प्लेट काढून घरी न्यायची?

ऱ्हाइनकाठची:

खरं आहे. गाडी जाते, प्लेट राहते. म्हणून लहान आकड्यांचा लिलाव होतो. २०१८ मध्ये त्सूग कॅन्टनची 'झेडजी १०' ही प्लेट २,३३,००० फ्रँकला गेली. गाडी वेगळी.

आणखी अवांतर: शाफहाउझेनजवळ ब्यूसिंगेन म्हणून जर्मन गाव आहे, चारी बाजूंनी स्वित्झर्लंड. गाव जर्मनीचं, जकात स्विस. त्यांच्या गाड्यांना मुद्दाम वेगळी 'बीयूएस' प्लेट आहे, यू वर दोन टिंबं. प्लेट जर्मन आणि गाडी जकातीला स्विस, हे मी वर जे सांगत होते त्याचं चालतंबोलतं उदाहरण.

वाचकमात्र:

धागा हायजॅक होतोय. पोटभाडेकरूंनी शेवटी केलं काय?

पोटभाडेकरू:

आलो. मधले तीन आठवडे धावपळीत गेले.

ताईंशी व्यनिवर (खाजगी निरोपात) बोललो, मग ठरवलं की स्वतःच जाऊन सांगायचं. मंगळवारी सुट्टी घेतली. रविवारी संध्याकाळी चौकी ओलांडता येते, कागदाचं काम मात्र कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, हे आता कळलं. खिडकीमागे एक काकू होत्या. मी जर्मनमध्ये घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, 'मी दहा महिन्यांपूर्वी गाडी आणली आणि दाखवली नाही.' त्यांनी चष्मा खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'आणि आज का आलात?' म्हटलं, 'विकायची आहे.' त्या म्हणाल्या, 'अच्छा, म्हणजे विकायची नसती तर आला नसता.' मला उत्तर सुचलं नाही. दंड झाला. आकडा लिहीत नाही, पण मित्राला फुकट दिलेल्या त्या दोन दिवसांपेक्षा विंटरथूरला भाड्याची गाडी स्वस्त पडली असती.

पर्याय दोन दिले. पैसे भरून गाडी रीतसर आत घ्या, नाहीतर बाहेर न्या. मित्राने १,११८ अधिक तपासणी अधिक टायर असा हिशोब केला आणि म्हणाला, 'तू माझा मित्र आहेस, पण ऑक्टाव्हिया नाही.' त्याने झुरिकमधलीच एक जुनी गाडी बघितली. तिच्यातही तो जवळजवळ फसणार होता, कागदावर १७८ असा कोड होता. त्याचा अर्थ मालक बदलायला मनाई, म्हणजे लीजची गाडी. हे त्याला याच धाग्याच्या निमित्ताने विचारायचं सुचलं, त्यामुळे मी थोडा तरी उपयोगी पडलो.

तर झिंगेनवाला. गाडी परत नेताना जर्मन बाजूलाही थांबलो, काय आहे ते सांगितलं, श्टुटगार्टचा खरेदीचा करार दाखवला. तिथे पाच मिनिटं लागली.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त सुतार. फोनवर त्याने 'लेत्स्ते प्राइस', म्हणजे शेवटची किंमत, विचारलं नाही तेव्हाच मला बरा वाटला. गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपला, बॅटरीने सायलेन्सर बघितला, तेलाची काडी दोनदा पुसली. मग उठून म्हणाला, ८,४००. मी म्हटलं, ८,६००. त्याने समोरच्या चकत्यांवरचा गंज बोटाने पुसून मला दाखवला. ८,५०० ला मिटलं.

करार ऑटोमोबाइल क्लबच्या छापील नमुन्यावर केला, विक्रेत्याची जबाबदारी वगळणारं कलम त्यात तयारच असतं. पैसे रोख नकोत म्हटलं. झटपट बदली केली, माझ्या जर्मन खात्यात दहा सेकंदांत आले, तेव्हाच ब्रीफ हातात दिला. रोखीचं म्हणाल तर १०,००० युरो किंवा जास्त असतील तर सीमेवर स्वतःहून सांगावे लागतात.

नंबर त्याच्या अंगणातच रद्द केला, ऑनलाइन. प्लेटवरच्या गोल शिक्क्यावर नाणं घासायचं, लॉटरीच्या तिकिटासारखं, खाली कोड निघतो. पुढच्या प्लेटचा एक, मागच्या प्लेटचा एक, आणि गाडीच्या शाइनवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, चंदेरी पट्टीखाली तिसरा. मागचा शिक्का चिखलाने इतका घट्ट झाला होता की सुताराने घरातून पटाशी आणली. मी दोन युरोचं नाणं आणि तो पटाशी, दोघं गुडघ्यावर. त्याची बायको खिडकीतून बघत होती.

ऱ्हाइनकाठची:

छान केलंत, नंबर स्वतः रद्द केलात ते सगळ्यात बरं. नाहीतर नवा मालक आठवडाभर तुमच्या नंबरावर फिरतो आणि कॅमेऱ्याचे फोटो तुम्हाला येतात. विमा कंपनीला कळवलं ना?

पोटभाडेकरू:

कळवलं. या वेळी त्याच दिवशी.

सहा_आसनी:

अभिनंदन! मग येताना?

पोटभाडेकरू:

येताना झिंगेनहून रेल्वेने. हातात दोन रिकाम्या प्लेटा, मुलाला खोलीत लावायला हव्यात म्हणून.

वाचकमात्र:

वाखूसा. धागा 'उपयुक्त' मध्ये हलवावा ही संपादकांना विनंती.

पोटभाडेकरू:

धागा परत वर काढतोय. करारात 'आठ टायर' लिहिलंय, म्हणजे उन्हाळ्याचे चार आणि हिवाळ्याचे चार. हिवाळ्याचे इथे विंटरथूरच्या तळघरात राहिले. सुताराचा काल फोन आला. शनिवारी मित्राच्या नव्या गाडीत टाकून नेऊन देऊ का? त्याच्या गाडीला स्विस प्लेट आहे, जकातीचं सगळं नीट आहे.

ऱ्हाइनकाठची:

गाडीचं नीट आहे. टायरचं? विकलेला माल प्रवाशाच्या सामानात धरत नाहीत. शनिवारी नाही, मंगळवारी जा, करार बरोबर ठेवा. आणि खिडकीमागे त्याच काकू असतील तर माझा नमस्कार सांगा.